जुनं घड्याळ बाबांना देताना



मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. त्यामुळे नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. "माझं स्मार्टवॉच चार-पाच वर्षांचं झालं. चालतंय अजून. पण नवीन मॉडेल आलंय. घेऊ का?"

पूर्वी मी लगेच सल्ला द्यायचे. कोणतं मॉडेल, किती मिलिमीटरचं, सगळं तोंडपाठ. आता मी उलटा प्रश्न विचारते: "जुन्याचं काय करणार?" बहुतेकांचं उत्तर एकच असतं. "आई-बाबांना देईन."

आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे. कारण मीही तेच केलं होतं, आणि ते चुकीच्या पद्धतीनं केलं होतं.

आधी बाबांच्या जुन्या घड्याळाबद्दल सांगते. आम्ही इंदूरचे. बाबांच्या हातावर माझ्या लहानपणापासून एचएमटीचं चावीचं घड्याळ. एचएमटीनं १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षं नोकरी लागली, लग्न ठरलं, की हातावर एचएमटी यायचं. बाबा रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवला की चावी द्यायचे. एवढीच त्या घड्याळाची अपेक्षा. ते कुणाच्या मनगटावर आहे, त्या माणसाचं वय काय, त्याला बरं आहे की नाही, याच्याशी घड्याळाला काही देणंघेणं नव्हतं. म्हणून ते वडिलांनी काढून मुलाच्या हातात बांधलं की झालं. दुसरं काही करावं लागत नव्हतं.

ही सवय आपल्या अंगात इतकी मुरली आहे, की स्मार्टवॉचही आपण तसंच देतो. काढलं, पुसलं, दुसऱ्याच्या हातात बांधलं.

माझं घड्याळ होतं ॲपल वॉच सिरीज ४. हे मॉडेल सप्टेंबर २०१८ मध्ये आलं. मी २०१९ मध्ये घेतलं. त्या मॉडेलमध्ये दोन मोठ्या गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे मनगटावर ईसीजी. ती सोय भारतात २०१९ मध्ये सुरू झाली. दुसरी म्हणजे माणूस जोरात पडला तर ते ओळखण्याची सोय, फॉल डिटेक्शन. पाच वर्षांत मी ईसीजी चार-पाचदा काढला असेल, तोही मैत्रिणींना दाखवायला. फॉल डिटेक्शनकडे तर बघितलंही नाही. मी कशाला पडतेय?

२०२४ उजाडेपर्यंत घड्याळ थकलं. कंपनी अठरा तासांची बॅटरी सांगते, माझं दुपारी चारला मान टाकायचं. यात नवल काही नाही. बॅटरी झिजतेच. साधारण १००० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता शिल्लक राहावी, असा कंपनीचा हिशोब आहे. माझी ७९ टक्क्यांवर आली होती. हा आकडा घड्याळाच्या सेटिंग्जमध्ये, बॅटरीच्या पानावर दिसतो. तुमचं घड्याळ लवकर उतरत असेल तर नवीन घेण्याआधी तो आकडा बघा. बॅटरी बदलून मिळते आणि नव्या घड्याळापेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते.

पण मला खरं तर नवीनच हवं होतं, आणि निमित्तही मिळालं. त्याच सप्टेंबरमध्ये आलेलं वॉच-ओएस ११ फक्त सिरीज ६ आणि त्यापुढच्या घड्याळांसाठी होतं. माझं घड्याळ १० वरच थांबलं. थांबलं म्हणजे बंद पडलं नाही, फक्त नव्या सोयी येणार नव्हत्या. दिवाळीच्या आधी मी सिरीज १० घेतलं.

माझं स्वतःचं स्थलांतर मी अगदी नीट केलं. जुनं घड्याळ फोनजवळ ठेवून फोनमधूनच अनपेअर केलं. तसं केलं की आधी बॅकअप घेतला जातो, घड्याळ पुसलं जातं आणि मालकाचं कुलूपही निघतं. मग तो बॅकअप नव्या घड्याळावर चढवला. पासकोड, पैसे भरायची कार्डं आणि ब्लूटूथच्या जोड्या त्यात येत नाहीत, त्या पुन्हा केल्या. जुना पट्टाही बसला, कारण ४० मिलिमीटरच्या सिरीज ४ चा पट्टा ४२ मिलिमीटरच्या सिरीज १० ला चालतो. तासाभरात सगळं झालं. मी स्वतःवर खूश.

दिवाळीला इंदूरला गेले. आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात; वय तेव्हा त्र्याहत्तर. मी हैदराबादला. जुनं घड्याळ त्यांना द्यायचं ठरलंच होतं. या घड्याळाला आयफोन लागतो, म्हणून कपाटात पडलेला माझा आयफोन ११ सोबत नेला. बाबांचं सिम त्यात घातलं. फोनमध्ये खातं माझंच होतं. ते बदलायचं म्हणजे बाबांसाठी नवीन ईमेल, नवीन पासवर्ड, ओटीपी. बाहेर चकल्या तळून होत होत्या, पाहुणे यायचे होते. म्हटलं, राहू दे माझंच खातं. घरचंच तर आहे.

मग घड्याळ जोडलं. पडद्यावर एकामागून एक प्रश्न येत होते आणि मी "पुढे", "नंतर", "ठीक" दाबत होते. आपत्कालीन संपर्क भरा. नंतर. आरोग्याची माहिती तपासा. नंतर. माझे मेसेज त्या फोनवर जाऊ नयेत एवढं मात्र मी आठवणीनं बंद केलं.

बाबा म्हणाले, "अगं, वेळ दाखवतं ना? मग पुरे."

मी म्हटलं, "बाबा, हे तुमची काळजी घेईल."

हे वाक्य मी बोलले होते. म्हणून आज इथे उभी आहे.

हैदराबादला परतल्यावर काही दिवसांनी माझ्या फोनमध्ये एक गंमत दिसली. रोज सकाळी साडेपाच ते सहा माझ्या नावावर चालणं जमा होत होतं. मी तेव्हा गाढ झोपेत. ऑफिसात मी हसत हसत सांगितलं, की मला झोपेत चालायचा आजार जडलाय. ते चालणं बाबांचं होतं. खातं एकच, म्हणून त्यांची पावलं माझ्या खात्यात येत होती. आमच्या धंद्यात अशा गोष्टीला बग म्हणतात. जे दिसायला नको ते दिसलं, की काम थांबवून कारण शोधायचं असतं. मला त्याचाच पगार मिळतो. पण घरच्या बाबतीत मी हसून सोडून दिलं.

डिसेंबरात एका सकाळी बाबा फिरून आले आणि पाय धुवायला न्हाणीघरात गेले. फरशी ओली होती. घसरून पडले. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना. फोन बाहेरच्या टेबलावर. घड्याळ हातावर.

घरकामाला येणाऱ्या ताई पावणेसातच्या सुमारास आल्या. त्यांच्याकडे किल्ली होती. त्यांनी समोरच्या काकूंना हाक मारली, काकूंनी रुग्णवाहिका बोलावली आणि मला फोन केला.

मी त्याच दुपारी पोचले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, नीट झालं. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी माझा फोन उघडला. सहा वाजून आठ मिनिटांपर्यंत पावलं. त्यानंतर एकही नाही. सहा चौदाला नाडीचा ठोका मिनिटाला ११६. सहा एकवीसला १२१. पुढेही तसंच. सगळं माझ्या नावावर. त्या वेळी मी हैदराबादला चहाचं आधण ठेवत होते.

म्हणजे घड्याळ त्याचं मोजायचं काम करत होतं. फक्त ते कुणाच्या हातावर आहे, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

आता ही सोय चालते कशी, ते सांगते. घड्याळात हालचाल आणि दिशाबदल मोजणारे सेन्सर असतात. जोरदार पडल्यासारखी हालचाल झाली की घड्याळ मनगटावर टिचक्या मारतं, आवाज करतं आणि विचारतं, की तुम्ही ठीक आहात का. माणूस हलत असेल तर ते उत्तराची वाट बघतं. सुमारे मिनिटभर हालचालच झाली नाही, तर उलटी मोजणी सुरू करून आपत्कालीन सेवेला फोन लावतं. भारतात तो क्रमांक ११२. त्यानंतर आपत्कालीन संपर्कात ज्यांची नावं भरली आहेत, त्यांना आपण कुठे आहोत याचा मेसेज जातो.

पण ही सोय आपोआप चालू होते ती नोंदवलेलं वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल तरच. त्याहून कमी असेल तर ती आपण हातानं चालू करायची असते. घड्याळाच्या लेखी मनगटावर चव्वेचाळीस वर्षांची मी होते. सोय बंद होती. आणि चालू असती तरी मेसेज कुणाला गेला असता? आपत्कालीन संपर्क रिकामे होते. बाबांचे नव्हते, माझेही नव्हते.

बाबांचं ते पडणं घड्याळानं नक्की ओळखलं असतंच, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक पडणं ओळखता येत नाही, हे कंपनीही सांगते. भिंतीला टेकत टेकत खाली बसलेला माणूस त्याला पडलेला वाटेलच असं नाही. हाड तर मोडलंच असतं. पण थंड फरशीवरची ती पाऊण-एक तासाची वाट कदाचित टळली असती. तो "कदाचित" मी स्वतःच्या आळसानं बाबांकडून काढून घेतला होता. मला बोचतं ते हे.

दवाखान्यातून घरी आल्यावर आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. आयफोन ११ पूर्ण पुसला. बाबांच्या नावानं खातं काढलं. जन्मतारीख त्यांनीच भरली. आपत्कालीन संपर्कात पहिलं नाव समोरच्या काकूंचं, दुसरं माझं. मी शेकडो किलोमीटरवर नाहीतरी काय करणार? आधी जी धावत येऊ शकते, ती व्यक्ती यादीत हवी. फॉल डिटेक्शन चालू आहे ना, ते डोळ्यांनी बघितलं. घड्याळ हातावर आहे की नाही हे ओळखणारी सोयही बघितली, कारण ती बंद असेल तर घड्याळ आपोआप फोन लावत नाही. आणि ज्या घड्याळात स्वतःचं सिम चालत नाही, त्याला फोन लावायला साधारणपणे जवळचा आयफोनच लागतो. म्हणून फोन घरात चालू आणि चार्ज झालेला असायला हवा.

एक वाद झाला. नव्या खात्यातून आरोग्याची माहिती घरच्या माणसाला दाखवता येते. मी सगळ्याच खुणा केल्या. बाबांनी चष्मा लावून ती यादी वाचली आणि म्हणाले, "मी किती वाजता झोपतो, किती वेळा उठतो, हे तुला कशाला?" मी गप्प बसले. त्यांचं बरोबर होतं. शेवटी नाडीची सूचना आणि चालणं, एवढंच त्यांनी मला दाखवायचं ठरवलं. हा निर्णय त्यांनी घ्यायचा होता आणि त्यांनी तो घेतला. एकाच खात्यावर असताना त्यांना हे विचारायचीही सोय नव्हती.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की घड्याळं उलटी वाटली गेली आहेत.

बाबा आता वॉकर घेऊन चालत होते. दोन्ही हात वॉकरवर. सिरीज ४ चा पडदा एरवी काळा असतो. वेळ बघायला मनगट उचलावं लागतं. बाबांना ते जमेना. एकदा वेळ बघायला हात सोडला आणि तोल जाता जाता राहिला. पडदा कायम चालू ठेवायची सोय सिरीज ५ पासून आली. दुकानात मला ती चैन वाटली होती. वॉकरवाल्या माणसाला ती गरज आहे.

दुसरं चार्जिंग. सिरीज ४ ला ८० टक्क्यांपर्यंत यायला दीडएक तास लागतो, आणि झिजलेली बॅटरी दिवसातून दोनदा चार्जर मागते. म्हणजे तेवढे तास घड्याळ टेबलावर आणि बाबा घरभर. सिरीज १० अर्ध्या तासात ८० टक्क्यांवर येतं. तिसरं अक्षर. लहान सिरीज ४ चा पडदा ७५९ चौरस मिलिमीटरचा, लहान सिरीज १० चा ९८९ चा. माझ्या डोळ्यांना फरक गमतीचा होता, त्यांच्या डोळ्यांना कामाचा. चौथं पाणी. घड्याळाची पाण्याला रोखण्याची ताकद वर्षांनी कमी होते, त्यामुळे सहा वर्षांचं घड्याळ न्हाणीघरात नेताना मन कचरतं. आणि बाबा पडले होते ते नेमके तिथेच.

मी माझं नवं घड्याळ काढलं आणि बाबांना दिलं. या वेळी आधी अनपेअर केलं. त्यांच्या फोनला जोडताना बाबांना शेजारी बसवलं आणि प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचला. पाऊण तास लागला. माझ्या सिरीज ४ ची बॅटरी मी बदलून घेतली. आज माझ्या हातावर तेच आहे. आता रात्रीपर्यंत पुरतं.

चार्जिंगची वेळ बाबांनीच ठरवली. सकाळचा चहा आणि पेपर. तेव्हा ते खुर्चीत बसलेले असतात, उठायचं काम नसतं. पूर्वी एचएमटीला चावी द्यायची ती हीच वेळ. मला हे सुचलं नव्हतं. मी रात्री म्हणत होते, पण रात्रीच तर ते उठतात.

दोन गोष्टी आणखी सांगायला हव्यात, नाहीतर तुम्ही घड्याळावर नको तेवढा विश्वास ठेवाल.

पहिली म्हणजे हे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. कंपनी ते साफ सांगते. ईसीजीची सोय ठोक्यांची लय बघते, झटका नाही. छातीत दुखलं, घाम फुटला, तर घड्याळात बघत बसायचं नाही; सरळ रुग्णवाहिका बोलवायची. बाबांना मी हे तीनदा सांगितलं, कारण "घड्याळ आहे ना" हे शब्द त्यांच्या तोंडी यायला लागले होते. ते शब्द त्यांना मीच शिकवले होते.

दुसरी म्हणजे आकड्यांची तुलना. घड्याळ बदललं, की सेन्सर बदलतो आणि हिशोबाची रीतही बदलते. नव्या घड्याळात नाडी दोन-चारनं कमी-जास्त दिसली, तर लगेच आपल्यात काही बदललं असं समजू नका. काही आठवडे जाऊ द्या आणि नव्याची तुलना नव्याशीच करा. वॉकर धरलेला हात हलत नाही, त्यामुळे पावलंही कमी मोजली जातात. बाबा एकदा हिरमुसले, "आज चाळीसच?" घरात तर ते दहा फेऱ्या मारून आले होते. आता फेऱ्या आम्ही कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहितो.

हो, आणि त्या सरमिसळ झालेल्या पावलांचा एक उपयोग झाला. व्यायाम शिकवायला येणाऱ्यांनी विचारलं, "पडण्याआधी किती चालत होता?" बाबा म्हणाले, "भरपूर." माझ्या फोनमध्ये नोंदी कुठल्या घड्याळातून आल्या ते वेगळं बघता येतं. बघितलं, तर रोज साधारण साडेपाच हजार पावलं. त्यावरून त्यांनी सहा महिन्यांचं लक्ष्य ठरवलं. ती पाच आठवड्यांची नोंद एका फटक्यात पुसता येते. मी अजून पुसलेली नाही.

या सगळ्या खटाटोपात सगळ्यात स्वस्त वस्तू होती न्हाणीघरातल्या भिंतीला लावलेली स्टीलची दांडी. आणि तिच्या खाली घसरू न देणारी चटई. दोन्ही मिळून घड्याळाच्या पट्ट्याहून कमी पैशांत झालं. ते आधी करायला हवं होतं.

२०२५ मध्ये सिरीज ११ आलं. कंपनी चोवीस तासांची बॅटरी सांगते. पुन्हा फोन सुरू झाले, "घेऊ का?" घ्या, हवं असेल तर जरूर घ्या. पण दुकानात जाण्याआधी जुन्या घड्याळाची बॅटरी बघा. आणि ते घरातल्या कुणाला देणार असाल, तर आधी त्यांचा दिवस कसा जातो ते बघा: हात मोकळे असतात का, डोळ्यांना किती दिसतं, कधी बसलेले असतात, रात्री कधी उठतात. कदाचित नवीन त्यांना आणि जुनं तुम्हाला, असंही निघेल.

आपल्यापैकी बरेच जण घरापासून लांब आहेत. कुणी बडोद्याचं पुण्याला, कुणी बेळगावचं दिल्लीला, कुणी माझ्यासारखं इंदूरचं हैदराबादला. दिवाळीत चार दिवस जातो आणि सोबत एखादी वस्तू नेतो. या वर्षी वस्तूबरोबर एक निवांत तासही न्या. पाहुणे, फराळ, सगळं आटोपल्यावर शेजारी बसा, पडद्यावरचा प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचा आणि उत्तर त्यांना देऊ द्या. "नंतर" हे बटण दाबू नका.

बाबा आता काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जातात. परवा फोनवर म्हणाले, "अगं, तुझं घड्याळ बरं आहे. वेळ न विचारता दाखवतं."